बाहेरच्या खोलीतला कॉम्प्युटर

"मशीन घरचं आहे की ऑफिसचं, ते आधी सांगा मॅडम. मग रेट सांगतो."

काकूंनी फोन स्पीकरवर टाकला होता. विंडोज १० च्या जादा मुदतीच्या सुरक्षा अपडेट्सचा रेट विचारत होत्या. नौपाड्यातल्या त्यांच्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत आम्ही बसलो होतो. दोन बाजूंच्या भिंतींना लोखंडी कपाटं, त्यांत काकूंच्या टॅक्सच्या क्लायंटच्या फायली, फायलींच्या पाठीवर काळ्या स्केचपेनने लिहिलेली असेसमेंट इयरं. मधे तीन टेबलं, तीन कॉम्प्युटर. दाराला पडदा आणि पडद्यापलीकडे घर. कुकरची शिट्टी झाली की टेबलावर बसलेल्या मुलीलाच विचारायचं, "किती झाल्या गं?" काकूंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "दोन्ही." पलीकडचा डीलर हसला. "दोन्ही असं नसतं हो. एक काहीतरी सांगा." मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही. "नंतर करते फोन," असं म्हणून काकूंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मला काही सुचलं नाही. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यात अडकलाय.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट्स थांबली, हे आता कुणाला नव्याने सांगायला नको. गेली दोन वर्षं स्क्रीनच्या कोपऱ्यात तो निळा फलक येतच होता. काकूंची तिन्ही मशिनं २०१६ च्या दिवाळीतली, नोटाबंदीच्या जेमतेम आठवडाभर आधी घेतलेली. प्रोसेसर इंटेलचा, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह. मधे मी त्यांत एसएसडी टाकली, रॅम वाढवली, आणि खरं सांगायचं तर ती आजही ऐरोलीतल्या माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपपेक्षा चटकन उघडतात. पण विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर निदान आठव्या पिढीचा लागतो, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. म्हणजे मशीन धडधाकट आणि तरी बाद. दोन जुलै-महिने ज्यांनी टॅक्सवाल्याच्या ऑफिसात काढलेत त्यांना कळेल, की चालतं मशीन बाद म्हणून काढणं म्हणजे काय. जीएसटी आला तो याच मशिनांवर. आयकराचं नवं पोर्टल २०२१ च्या जूनमध्ये आलं आणि पहिले कित्येक आठवडे सगळ्यांनी कपाळाला हात लावला, तोही याच टेबलांवर.

"नवीन घेऊन टाका ना," असं मी आधी म्हणून पाहिलं होतं. काकूंनी नुसतं वर बघितलं. छताच्या कोपऱ्यात गिलाव्याचा पोपडा सुटलाय, पंख्याभोवती ओलीचं कडं आहे. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जायची आहे. ठाण्यात ज्यांची घरं जुनी आहेत त्यांना या एका वाक्यात सगळं कळतं. रंग काढायचा नाही, फरशी बदलायची नाही, वायरिंग करायचं नाही, कारण "आता काय, जाणारच आहे." महापालिकेने बिल्डिंग सी-टू-बी मध्ये टाकलीय, म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती करायची. दुरुस्ती कुणी करत नाही, रिकामी कुणी करत नाही. बिल्डर दोनदा बदलला. सोसायटीच्या मीटिंगा होतात, चहा होतो, मिनिट्स लिहिली जातात. या वातावरणात पन्नास-साठ हजारांचं एकेक मशीन कोण घेणार? शिवाय जुन्या मशिनच्या अंगावर काय काय चढलेलं असतं ते मालकालाच माहीत. डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर, मागच्या वर्षांच्या रिटर्नच्या युटिलिटी, टॅलीची एक जुनी आवृत्ती जी फक्त एका क्लायंटसाठी ठेवलीय, आणि पॅरलल पोर्टवर चालणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. तो प्रिंटर चालू झाला की खालच्या मजल्यावरच्या आजींना कळतं, काकूंकडे काम सुरू झालं.

तर राहिला मार्ग एकच: जादा मुदतीची सुरक्षा अपडेट्स. आणि तिथे ती फाटाफूट.

घरच्या मशिनला वर्षभराची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची अपडेट्स तीन वाटांनी मिळतात. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडलात तर फुकट. नाहीतर त्यांच्या बक्षीस योजनेतले १००० पॉइंट. नाहीतर एकदाच ३० डॉलर. आणि त्या एका खात्यावर दहा मशिनांपर्यंत चालतं. (युरोपातल्या लोकांना बॅकअप न जोडताही फुकट मिळालं, तिथल्या ग्राहक संघटना भांडल्या म्हणून. साठ दिवसांतून एकदा खात्यात लॉगिन केलं की झालं.) ऑफिसच्या मशिनला मात्र दर मशिनमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४. दर वर्षी दुप्पट. उशिरा आलात तर मागच्या वर्षाचेही भरा. जानेवारीत घ्या नाहीतर ऑगस्टमध्ये, पहिलं वर्ष संपणार ते ऑक्टोबरातच. म्हणजे एखाद्या घोडबंदरच्या टॉवरमध्ये चार खोल्यांत मिळून सात लॅपटॉप असतील तर त्यांना शून्य रुपये, आणि काकूंच्या तीन डबड्यांना पंधरा हजारांच्या वर, अधिक जीएसटी. शाळा-कॉलेजांना पहिलं वर्ष एका डॉलरला आहे, हे मी सहज बोलून गेलो. काकूंचा चेहरा उजळला. "मग शाळेचं म्हणून लाव ना. दहावीच्या दोन मुली येतात माझ्याकडे गणिताला."

हे सगळं ऐकून कुणालाही वाटेल की घरचं आणि ऑफिसचं हे ठरतं कामावरून. मशिनवर काय करता यावरून. तसं मशिनला कळायला काही मार्गच नाही. मशीन बघतं ते एवढंच, की तुम्ही डोमेनमध्ये, म्हणजे एका सर्व्हरला बांधलेल्या मशिनांच्या गटात, आहात का. कुणी वरून तुमचा कारभार चालवतं का, तुम्हाला आधीच एखादा जादा मुदतीचा परवाना लावलाय का. यातलं काही असेल तर घरगुती नोंदणीचं बटण येतच नाही. काकूंकडे ते आलं नाही, कारण काकूंकडे डोमेन आहे. काकांनी लावलेलं.

काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांना या गोष्टींची भारी हौस. हाताखाली चार आर्टिकल मुलं शिकायला असताना त्यांनी कपाटाखाली एक सर्व्हर बसवला, सगळी मशिनं डोमेनमध्ये घेतली, प्रत्येकाला वेगळं लॉगिन, दर ४५ दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती, रात्री दहाला आपोआप बॅकअप. मुलं वैतागायची. एकाने पासवर्डची चिठ्ठी कीबोर्डखाली चिकटवली तर काकांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. पण त्या शिस्तीमुळे क्लायंटचे पॅन, आधारच्या झेरॉक्सचे स्कॅन, बँकेची स्टेटमेंटं असा सगळा ऐवज एका जागी, कुलपात राहिला. राम मारुती रोडपासून घंटाळीपर्यंत कितीतरी ऑफिसं मी पाहिलीत जिथे हा ऐवज डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर ७' मध्ये असतो, लॉगिनला पासवर्ड नाही, आणि दुपारी चहावाल्याचा मुलगा त्याच मशिनवर क्रिकेट बघतो. गंमत अशी की त्या ऑफिसांना फुकट अपडेट्स मिळतात. त्यांचं डोमेन नाही. मशिनच्या नजरेत ती घरं आहेत. आणि ज्याने नीट घडी बसवली तो ऑफिसवाला ठरला.

म्हणजे स्वस्तात सुरक्षित व्हायचं तर सुरक्षित राहण्याची जी व्यवस्था आहे तीच आधी मोडायची. मला हे काही केल्या पचत नाही.

अपडेट्स नसली तर काय होतं, हे नवी मुंबईला वेगळं सांगायची गरज नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला, तेव्हा तीन वर्षांपूर्वी निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला घाईघाईने पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, काढावा लागला होता. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या हा दुसरा. मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं जाळं आडवं झालं आणि त्यात आपल्या जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनलही बंद पडलं. मी तेव्हा महाप्याला एका कंपनीच्या आयटीत होतो. आमचं काहीच बिघडलं नव्हतं, पण रात्री उशिरापर्यंत एकेका मशिनपाशी जाऊन पॅच आहे का बघत होतो. एसी बंद झालेला, फ्लोअरवर फक्त आम्ही तिघं आणि वडापावचे कागद. उरणकडून येणारा एक सहकारी सांगत होता, कंटेनरच्या गाड्या रस्त्यावर नुसत्या उभ्या आहेत. ज्या भोकांमधून तो किडा शिरला त्यांतल्या एकाचा पॅच मार्चमध्येच येऊन बसला होता. तेव्हापासून 'आता नको, नंतर' या बटणावर कुणाचं बोट गेलेलं दिसलं की माझ्या पोटात कालवतं. त्यामुळे काकूंना "राहू दे, काही होत नाही" असं सांगणं मला शक्यच नव्हतं.

आधी असा पर्यायच नव्हता, हेही खरं. विंडोज ७ जानेवारी २०२० मध्ये संपला तेव्हा जादा मुदत विकली ती फक्त ऑफिसवाल्यांना. घरच्यांना ठेंगा. या वेळी पहिल्यांदाच घरच्यांसाठी दार उघडलं. पण दारं दोन केली की कोणी कुठल्या दाराने जायचं याचा पहारेकरी आला, आणि पहारेकऱ्याला नौपाडा माहीत नाही. इथे बाहेरच्या खोलीत शिकवण्या चालतात, मसाले पॅक होतात, ब्लाउज शिवले जातात, कुंडल्या मांडल्या जातात, होमिओपॅथीच्या पुड्या बांधल्या जातात. पाहुणे आले की त्याच खोलीत गाद्या पडतात. ठाण्यातला अर्धाअधिक मध्यमवर्ग त्या एका खोलीवर शिकला आणि बदलापूर-अंबरनाथला दुसरी जागा घेऊन बसला.

"महावितरणला बरं कळतं," काकू म्हणाल्या आणि उठून विजेच्या बिलांची फाइल घेऊन आल्या. टॅक्सवाल्या बाईशी वाद घालायचा तर असा पुरावा समोर येतो. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात ही सोय आहे: राहत्या घराच्या एका भागात धंदा करत असाल, महिन्याला ३०० युनिटच्या आत आणि आदल्या आर्थिक वर्षात मिळून ३६०० युनिटच्या आत वापर असेल, तर दर घरगुतीच. त्यावर गेलात तर मात्र धंद्याचा दर. कुणीतरी कधीतरी त्या आयोगासमोर उभं राहून सांगितलं असणार, की साहेब, आमच्याकडे घर आणि दुकान यांच्यामध्ये भिंत नाही, पडदा आहे. आणि ऐकणाऱ्याने ते ऐकून आकडा घातला. ३०० हा आकडा बरोबर की चूक यावर वाद होईल, पण प्रश्न तरी बरोबर विचारला. किती वापरता? कुणाचे आहात, असं नाही विचारलं.

(काकूंचं बिल २४० युनिटचं होतं. डॉट मॅट्रिक्ससकट.)

तर आम्ही त्यातल्या त्यात खिडकीजवळचं मशीन आधी घ्यायचं ठरवलं. त्यावर काकूंचं स्वतःचं काम चालतं: नातवाशी व्हिडिओ कॉल, सोसायटीचे हिशेब, यूट्यूबवर कीर्तन. क्लायंटची एकही फाइल त्यावर उघडत नाहीत. डोमेनमधून मशीन बाहेर काढणं ऐकायला सोपं आहे. आधी स्थानिक ॲडमिनचं खातं तयार करून त्याचा पासवर्ड चालतोय ना बघायचं, नाहीतर बाहेर पडल्यावर आपणच दाराबाहेर राहतो. ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आधी उतरवून घ्यायचे, कारण जुन्या प्रोफाइलमधले नंतर उघडत नाहीत. मग सिस्टिम प्रॉपर्टीज, 'चेंज', डोमेनवरचा ठिपका काढून वर्कग्रुपवर, म्हणजे सुट्या मशिनांच्या गटात. एक छोटी चौकट येते, 'वर्कग्रुपमध्ये आपले स्वागत आहे' अशा अर्थाची, अगदी लग्नाच्या हॉलच्या दारावर असते तशी. रीस्टार्ट.

पुन्हा उघडलं तेव्हा काकू केवढ्यांदा ओरडल्या. डेस्कटॉप कोरा. विंडोजचं ते मूळचं निळं चित्र, रीसायकल बिन, आणि बाकी काही नाही. नातवाचा फोटो गेला, टॅली गेली, 'सोसायटी' नावाचा फोल्डर गेला. मी म्हटलं, "काकू, काही गेलेलं नाही. नवीन प्रोफाइल उघडलंय, जुनं तिथेच आहे." सी ड्राइव्हमधल्या 'यूझर्स'मध्ये जाऊन जुन्या नावाचा फोल्डर दाखवला, परवानगी दिली, एकेक वस्तू उचलून इकडे आणली. तरी त्या जवळची खुर्ची ओढून बसून राहिल्या, फोटो परत दिसेपर्यंत. मग लॉगिनच्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, "इथे वर काहीतरी लिहून यायचं ना?" यायचं. काकांनी डोमेनला दिलेलं नाव यायचं, प्रत्येक सकाळी, आपल्या नावाच्या आधी. आता यायचं नाही. त्यांना याचं वाईट वाटलं का, ते मला कळलं नाही. मला वाटलं. शिस्त मोडल्यासारखं वाटलं, ज्या माणसाने मला पहिल्यांदा डोमेन म्हणजे काय ते या खोलीत शिकवलं त्याच्या खोलीत.

नोंदणीला पाच मिनिटंही लागली नाहीत. अपडेटच्या पानावर, तपासायच्या बटणाखाली, तो दुवा आता निमूट हजर होता. काकूंचं नवं खातं काढलं, ओटीपी आला. फुकटवाला पर्याय निवडताना त्यांनी मला थांबवलं. "फुकट देतात म्हणजे काय घेतात, ते सांग." रास्त प्रश्न. सेटिंग्ज जातात, फोल्डरच्या बॅकअपचं बटण वेगळं असतं, ते मी त्यांच्यासमोर बंद केलं. शिवाय फुकटातली जागा पाच जीबीच. त्यांनी चष्मा वर करून ते बटण बंद असल्याची स्वतः खात्री केली.

आता उरली दोन. डोमेनमधून तीही काढता आली असती. मशीन गप्प राहिलं असतं, बटण आलं असतं, शून्य रुपयांत काम झालं असतं, आणि ओळखीच्या निम्म्या ऑफिसांनी तसंच केलंय. मी तसं सुचवलंही, अर्ध्या मनाने. पण त्यांवर क्लायंटचं काम चालतं. घरगुती योजना धंद्याच्या मशिनांसाठी नाही, असं मायक्रोसॉफ्टच्या अटींत लिहिलेलंच आहे. डोमेन सोडलं म्हणून धंदा घर होत नाही. मी नियमावर एवढा वैतागलेलो, आणि तरी तो असा वाकवायला हात होईना. हे मला अजूनही नीट उलगडलेलं नाही.

काकूंना असला काही पेच पडला नाही. त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. मुख्य मशीन डोमेनमध्येच राहील, त्याला ऑफिसचा परवाना. "बिल ऑफिसच्या नावाने घे, जीएसटी नंबर टाकायला सांग. इनपुट क्रेडिट मिळेल, बाकी खर्चात जाईल. एवढं काय त्याचं?" तिसऱ्याची इंटरनेटची वायर काढून टाकायची. त्यावर फक्त जुनी टॅली आणि डॉट मॅट्रिक्स. "आणि हे," खिडकीजवळच्या मशिनकडे बोट दाखवून म्हणाल्या, "घरगुती म्हणतायत ना? मग उचल आणि आत नेऊन ठेव." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. सीपीयू, मॉनिटर, यूपीएस, सगळं पडद्यापलीकडे गेलं, शिवणाच्या मशिनशेजारी.

डीलरकडून २५ अक्षरांची की आली. कमांड प्रॉम्प्टवर एसएलएमजीआर या परवान्याच्या कमांडच्या दोन ओळी, एक की चढवायची, एक ॲक्टिव्हेट करायची. 'लायसन्स्ड' आलं. एक परवाना विकताना तो माणूस आढेवेढे घेत होता, निदान पाच घ्या म्हणत होता, पण काकूंनी त्याला सरळ केलं. तिन्ही वर्षांचं आताच घेऊन ठेवायचं का, असं मी विचारलं. पुढच्या ऑक्टोबरात दुप्पट लागणार, हे सांगितलं.

"एकच घे. बिल्डर पाडव्याला नारळ फोडणार म्हणतोय."

"गेल्या पाडव्यालाही म्हणाला होता, काकू."

"मग बघू की तेव्हाचं तेव्हा."

कपाटाखालच्या सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २०१६ आहे. त्याची मुदत १२ जानेवारी २०२७ ला संपतेय. हे त्यांना सांगायचं मी नारळ फुटेपर्यंत लांबवलंय.